अक्काच्या वाळवणावरचा धूर

ताईच्या लग्नाच्या वर्षी मी खोटं बोललो. खोटं लहानच होतं, एका शब्दाचं. विचारणारी आमच्या शेजारची अक्का होती आणि मी तिला ‘नाही’ म्हणालो. तिने थोडा जरी संशय घेतला असता, दोन शिव्या दिल्या असत्या, तर मी तेव्हाच रडून सगळं सांगून टाकलं असतं, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला समजावत राहिलो. पण अक्काने माझ्यावर विश्वास ठेवला. त्या विश्वासाचं पुढे काय झालं, ते आता लिहितो. आबा आणि आई दोघंही आता नाहीत, त्यामुळे कोणाला वाईट वाटण्याचं भय उरलेलं नाही. आणखी थांबलो तर माझ्याच्याने लिहिणं होणार नाही.

आमचं घर जळगावला, मेहरूणच्या तळ्याच्या अलीकडे. पुढे दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि त्यामागे परस. न्हाणीचं पाणी जिथवर पोचायचं तिथवर हिरवं, पुढे नुसती माती. केळीचं एक बेट, शेवगा, कडुलिंब आणि आईने लावलेलं अळू, एवढीच आमची बाग. कुंपण घाणेरीचं होतं आणि त्यात अक्काच्या येण्याजाण्याने एक वाट पडली होती. तिच्या काचेच्या बांगड्या घाणेरीच्या काड्यांना घासायच्या. तो आवाज आला की आई चुलीवर चहाचं आधण वाढवायची. अक्का शिंदखेड्याची. लग्न होऊन जळगावला आली त्याला कितीतरी वर्षं झाली होती, पण बोली तिने सोडली नाही. आबा कचेरीत असल्यामुळे आमच्या घरात जरा पुस्तकी मराठी बोलायची पद्धत होती. आम्हा भावंडांना ती मुद्दाम विचारायची, “काय रे साहेब, तुमना घर आज काय भाजी शे?” आणि आम्ही ‘वांगी आहेत’ म्हटलं की पदर तोंडाला लावून हसायची. तिचा नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. तो फारसा बोलत नसे. त्या घरातलं सगळं बोलणं अक्काच बोलायची.

उन्हाळा लागला की आळीला अक्का लागायची. खानदेशात बिबडे घरोघरी होतात, म्हणजे ज्वारीचे पापड. ज्वारी भिजवायची, आंबवायची, भरडायची आणि मोठ्या पातेल्यात शिजवून तिचा घाटा करायचा. त्यात लसूण, मिरची, जिरं आणि तीळ. वर्णन सोपं आहे, घाटा सोपा नाही. आच जरा वाढली की तो तळाला धरतो. एकदा धरला की तो वास सगळ्या पातेल्यात पसरतो, आणि वाळवल्यानंतरही जात नाही. अक्का डोळे मिटून पातेल्यावर वाकायची आणि वाफेत नाक धरायची. घाटा फदफदायला लागला की आम्ही पोरं वाट्या घेऊन बसायचो. ती गरम घाट्यावर तेलाची धार सोडायची आणि म्हणायची, “खा, पन फुकी फुकी. जीभ भाजनी ते मना नावनी बोंब करशात.” मग खाटेवर ओलं धोतर पसरून, हात पाण्यात बुडवून ती एकेक बिबडा थापायची. सगळे सारखे गोल, कडेला कागदासारखे पातळ. लग्नघरी तर तिला आधी सांगून ठेवावं लागे. मानाचं बोलावणं असे ते. ती त्याचे पैसे घ्यायची नाही, फक्त पहिला घाटा तिला चाखायला द्यायचा, एवढी तिची अट.

हल्ली बिबडे पाकिटात मिळतात. माझी सून आणते, आवडीने तळते. मी खातो आणि चांगले आहेत म्हणतो.

धुरीची खोली मी बांधली ती आबांना दाखवायला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षात नापास झालो होतो. आबा रागावले नाहीत. त्यांनी माझ्याशी कामापुरतं बोलायला सुरुवात केली. पाहुण्यांसमोर मात्र हसत म्हणायचे, “आमच्या दिगंबरच्या हातून एक काम धड झालं की मी पेढे वाटणार आहे.” माझा वेळ जात नव्हता. मी गावात भटकायचो आणि स्टेशनकडच्या केळीच्या वखारींसमोर उभा राहायचो. हिरवेगार घड आत जायचे, दार मातीने लिंपलं जायचं, भोकातून गोवऱ्यांचा धूर आत सोडला जायचा, आणि दुसऱ्या दिवशी दार फोडलं की केळ्यांवर पिवळेपणा चढायला लागलेला असायचा. मला ती जादूच वाटायची. मी ठरवलं की हे आपण परसात करायचं.

जुन्या न्हाणीच्या पडक्या विटा होत्या. भुसा कालवून माती तुडवली आणि केळीच्या बेटापलीकडे, कुंपणाला लागून, माणूस वाकून आत जाईल एवढी खोली उभी केली. वर पत्रा, त्यावर माती. पहिल्या खेपेला मी विस्तव आतच ठेवला. सकाळी दार फोडलं तर केळी काळी पडलेली, आतून शिजून लगदा झालेली. आबा धोतराचा सोगा धरून पाहायला आले. वाकून बघितलं आणि आईला हाक मारून म्हणाले, “अगं ये, बघ. मुलगा केळी पिकवायला निघाला होता, केळ्यांचं भरीत करून बसला. कांद्याची पात आण.” कुंपणापलीकडून अक्काही हसली. पण आबा आत गेल्यावर ती वाटेतून आली, खोलीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाली, “धूर पायजे का आच पायजे तुले? आच दूर ठेव ना मंग.” तेवढ्यावरून मला सुचलं. विस्तवासाठी मी लांब खड्डा खणला आणि तिथून खोलीपर्यंत नळीची कौलं एकापुढे एक जोडून, वरून मातीने लिंपून धुराची वाट केली. धूर येताना निवायचा. पुढच्या खेपेला घरच्या बेटाचा घड छान पिकला. आबांनी एक केळ खाल्लं आणि काही बोलले नाहीत. माझ्या दृष्टीने ते पुष्कळ होतं. एकच दोष राहिला होता. उन्हाने लिंपण तडकायचं आणि भेगांतून धूर बाहेर यायचा. ओली गोणपाटं टाकत राहावं लागे, आणि वाऱ्याची दिशा असेल तसा धूर कुंपण ओलांडून अक्काच्या अंगणात जायचा.

त्याच सुमारास ताईचं लग्न ठरलं. स्थळ अक्कानेच आणलं होतं, तिच्या माहेरचं, शिंदखेड्याचं. मुलाची आई म्हणजे अक्काची सई, लहानपणी दोघी एकाच झोक्यावर बसलेल्या. “मनी पोर मना माहेरले देस मी,” असं ती आळीभर सांगत होती. रुखवतातले बिबडे तीच करणार हे उघडच होतं. यावेळी तिने ज्वारी स्वतः निवडली, तीळ स्वतः भाजले, कोणाला हात लावू दिला नाही. आईने मदतीला बसते म्हटलं तर म्हणाली, “तू व्याहीनना मान पाह्य. हाई मना माहेरनं काम शे.” ज्या दिवशी तिने थापायला घेतलं, त्या सकाळी ती कुंपणाच्या वाटेत उभी राहून मला म्हणाली, “दिगू, आज तुनी धुरी नको रे भाऊ. मनं वाळवण शे.”

“नाही करत, अक्का. घड अजून यायचेत.”

ते खरंच होतं. पंगतीच्या शिकरणासाठी मामाच्या चोपड्याच्या बागेतून घड येणार होते, ते दुसऱ्या दिवशी. पण मामाला ट्रक आधी मिळाला आणि तो त्याच दुपारी घड घेऊन दारात उतरला. आई आणि अक्का तेव्हा बांगड्या भरायला बाजारात गेल्या होत्या. घड ओट्यावर उतरवताना मामा म्हणाला, “कुठे पिकवणार? भाच्याच्या खोलीत?” आबा म्हणाले, “छे, पंगतीचा प्रश्न आहे. उद्या सकाळी वखारीत नेऊन टाकू. याच्या भरवशावर व्याह्यांना उपाशी ठेवायचं का?” दोघं हसले आणि पानं खायला आत जाऊन बसले. मी ओट्यावर घडांपाशी उभा होतो. माझे कान तापले होते. उद्या सकाळी वखारीत जायच्या आत हे घड माझ्या खोलीत असले पाहिजेत, धुरी लागलेली असली पाहिजे, मग कोणी हलवणार नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. अक्काला दिलेला शब्द आठवला नाही असं मी म्हणणार नाही. आठवला. आपण भेगा नीट बुजवू, असं मी मनाला सांगितलं.

घड रचले, दार लिंपलं, खड्ड्यातल्या गोवऱ्या पेटवल्या. सुरुवातीला धूर सरळ आत गेला. मग दुपारचं ऊन तापलं, वारा फिरला, आणि पत्र्याच्या कडेचं लिंपण बोटभर फाटलं. गोणपाटं टाकली, ती पुरली नाहीत. पिवळट जाड धूर कुंपणावरून खाली वाकला आणि अक्काच्या खाटांवर बसला. हवेतच विरून गेला असता तर गोष्ट वेगळी होती. तो बसला. ओल्या बिबड्यांवर, एकेका खाटेवरून सरकत. मी हे कुंपणाशी उभा राहून पाहिलं. ओले बिबडे उचलता येत नाहीत, फाटतात. खड्ड्यात एक घागर पाणी ओतलं असतं तर धूर थांबला असता आणि माझी केळी हिरवीच राहिली असती. घागर न्हाणीच्या दगडावर भरलेलीच होती.

संध्याकाळी अक्का आली तेव्हा धूर गेला होता. घड आल्याचं तिला कळलं, पण मी शब्द दिला होता म्हणून धुरी दुसऱ्या दिवशीच लागेल असं तिने धरलं. वाळलेले बिबडे तिने धोतरावरून सोडवले, डब्यात रचले, वर मलमल बांधली. वास तिला आला नाही यात नवल नाही. तेव्हा सगळ्या आळीत चुली पेटलेल्या असायच्या, आमच्या कपड्यांना, केसांना, उशांना धुराचाच वास. माझी केळी मात्र अशी पिकली की लग्नात वऱ्हाड्यांनी कौतुक केलं. आबांनी मला पंगतीत हाक मारून व्याह्यांसमोर उभं केलं. “हे आमचे चिरंजीव. केळी यांनी परसात पिकवलीत. वखारीचं तोंड बघावं लागलं नाही.” ज्या वाक्यासाठी मी वर्षभर तळमळत होतो, ते मला मिळालं. पलीकडे रुखवताच्या टोपलीत बिबड्यांचा डबा होता. मला शिकरण गेलं नाही.

आखाजीला ताई माहेरी आली. आमच्याकडे आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकींचा सण. कडुलिंबाला झोका बांधलेला, घरात आमरसाचा वास, आई चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर पुरणाची पोळी टाकत होती आणि अक्का शेजारी बसून पोळी उलटत होती. ताईने सासरच्या गमती सांगायला सुरुवात केली. नणंद कशी घोरते, दीर कसा चहा फुंकतो. आणि त्याच भरात हसत म्हणाली, “आणि अक्का, तुझ्या बिबड्यांनी तर मला टोमणेच खायला लावले. सासूबाई म्हणतात, ‘घाटा लागी गया व्हता, तीळ बी जाळी टाकात. मनी सईना हात म्हातारा व्हयना वाटस.’” ताईच्या मनात काही नव्हतं. तिने थोडे बिबडे परतही आणले होते, घरी खायला. अक्काने पोळी खापरावरच सोडली. एक बिबडा तळायला लावला, तुकडा तोंडात धरला आणि बराच वेळ चावलाच नाही. खापरावरची पोळी करपली. आईने ती काढून बाजूला टाकली.

मग अक्का परसात आली. मी लिंबाखाली झोक्याची दोरी आवळत होतो. तिने मला खालच्या आवाजात विचारलं, कोणाला ऐकू जाऊ नये असं. “दिगू, त्या रोज तू धुरी पेटाडी व्हती का रे?”

आबा ओट्यावर बसलेले होते. मी म्हणालो, “नाही.”

“नही ना?”

“नाही, अक्का.”

तिने मान हलवली. “मंग मनंच नाक गयं,” असं म्हणाली. रागाने म्हणाली नाही, एखादी वस्तू हरवली हे लक्षात आल्यावर माणूस म्हणतं तसं म्हणाली. आणि घाणेरीच्या वाटेतून घरी गेली.

त्यानंतर तिने घाटा केला नाही. पुढच्या उन्हाळ्यात बायका बोलवायला आल्या, कारण शिंदखेड्याची गोष्ट आळीत फारशी कोणाला ठाऊक नव्हती. पण ती जाईना. कोणाला म्हणे हात दुखतो, कोणाला म्हणे तब्येत नाही. आईला एकदा म्हणाली, “लोकंसनं धान्य कसाले वाया घालू? माले वासच समजत नही आते.” घरच्या भाजीलाही ती मीठ घालून नवऱ्याला चाखायला लावायची. तो बिचारा चाखून ‘बरं शे’ म्हणायचा. आखाजीला माहेरी जाणं तिने बंद केलं. ज्या सईशी तिने सोयरीक जुळवली होती तिच्या दारात तोंड घेऊन कसं जाणार, असं तिला वाटत असणार. आमच्या कुंपणातली वाट हळूहळू बुजत आली. मी ते पाहत होतो. धुरीची खोली आबा पुढची कितीतरी वर्षं पाहुण्यांना दाखवत राहिले. मी तिला पुन्हा हात लावला नाही. आबांना वाटायचं, आळस.

पास झालो, नोकरी लागली, धुळ्याला घर केलं. माणूस अशा गोष्टी विसरतो म्हणतात. मी विसरलो नाही, पण विसरल्यासारखं वागायला शिकलो. जळगावला गेलो की अक्काला नमस्कार करायचो, ती पाठीवर हात फिरवायची, मी लवकर निघायचो. सांगून आता काय उपयोग, तिला कशाला त्रास, असं मला वाटायचं. आता कळतं की त्यात तिची काळजी नव्हती. मला तिचा हात पाठीवर हवा होता, तो जाईल याची भीती होती.

आबा गेल्यावर घर आवरायला गेलो तेव्हा परसातली ती खोली अर्धी ढासळलेली होती. मी विटा बाजूला रचत होतो, तर कुंपणापलीकडे अक्का खाटेवर बसलेली दिसली. खूप थकली होती. तिची सून आत काहीतरी तळत होती. मी घाणेरी मोडून सरळ पलीकडे गेलो, तिच्या पायाशी जमिनीवर बसलो आणि सांगितलं. शब्द दिला होता, ट्रक आधी आला, धूर वाकला, घागर भरलेली होती. सगळं.  माझं संपल्यावर तिने एवढंच विचारलं, “घाटा लागेल नव्हता?”

“नाही, अक्का.”

तिने बसल्या खाटेवरून हात फिरवला. मग म्हणाली, “तो तुकडा मी तोंडमा धरा ना, तवाच मनी जीभ सांगनी, हाऊ गवरीना धूर शे. पन तू नही म्हना. मी म्हनं, दिगू कसाले खोटं बोली. मनी जीभच खोटी.”

मला वाटलं होतं की मी तिच्यापासून एक गोष्ट लपवली होती. तिला ती माहीत होती. माझ्या एका शब्दापायी तिने स्वतःच्या जिभेला खोटं पाडलं आणि पुढचं सगळं आयुष्य तसंच जेवली. मी माफ कर म्हणालो. तिने हात झटकला. “माले काय सांगस? माले माहीत व्हतं. तठे सांग.”

तठे म्हणजे शिंदखेड्याला. त्या आखाजीला मी तिला घेऊन गेलो. गाडीत ती सबंध वाट नवं लुगडं सारखं करत होती. ताईच्या सासूबाई अजून होत्या, कानाने जड पण शुद्धीत. दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या गळ्यात पडल्या, रडल्या, आणि मग अक्का ओसरीवर भिंतीला टेकून बसली आणि माझ्याकडे बघू लागली. घरातल्या बायका खापर सोडून दारात आल्या. ताई होती, तिच्या सुना होत्या. सासूबाईंना ऐकू जावं म्हणून मला मोठ्याने बोलावं लागलं, त्यामुळे गल्लीतलेही दोघं-तिघं थांबले. मी उभा राहून म्हणालो, “ताईच्या रुखवतातले बिबडे अक्काच्या हाताने बिघडले नव्हते. अक्काने मला धुरी करू नको म्हणून सांगितलं होतं, तरी मी केली. तो धूर माझा होता. तिने विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. घाटा लागलेला नव्हता. अक्का, मी तुझा अपराधी आहे, मला माफ कर.”

मी खाली बसलो. सासूबाई हात कानाशी धरून बसल्या होत्या. अक्काने पदर पुढे ओढला आणि मला हलकेच म्हणाली, “तीळ बी जळेल नव्हतात. ते बी सांग.”

मी पुन्हा उभा राहिलो आणि तेही सांगितलं.